टीव्हीखालची पेटी

१५ जानेवारी

आज संध्याकाळी शशिबाला घोषाल गेल्या. गंगासागरला स्नानाला निघाल्या होत्या, वाटेत नाव उलटली. शेवटी पाण्यावर फक्त त्यांच्या साडीचा लाल काठ आणि किल्ल्यांचा जुडगा दिसला. (लोखंडाच्या किल्ल्या तरंगल्या कशा, हा प्रश्न बटुकदांनी त्याही क्षणी काढला. माणूस किती कोरडा असावा!)

आमच्या बैठकीच्या खोलीत सुतकी शांतता पसरली. 'घोषालबाडीर चाबी' ही घोषालांच्या घरातल्या किल्ल्यांची मालिका आम्ही पहिल्या भागापासून एकत्र बघतोय. रोज संध्याकाळी सातला गल्लीतली आठ-नऊ जाणती मंडळी माझ्याकडे जमतात, अर्धा तास बघतात आणि पुढचा दीड तास त्यावर बोलतात. याला आम्ही 'सातचा अड्डा' म्हणतो. मी अध्यक्ष आहे. निवडणूक वगैरे झाली नव्हती, पण टीव्ही माझा आहे.

समोरच्या घरातल्या वहिनी, टुनुबौदी, पदर तोंडाशी धरून हुंदके देत होत्या. त्यांचे यजमान गेले तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या, असं बटुकदा माझ्या कानाशी लागून म्हणाले. बटुकदा म्हणजे गल्लीच्या तोंडावरचे होमिओपॅथ. त्यांच्या औषधाने रोग बरा होत नाही, रोगी कंटाळून बरा होतो.

शेफाली चहा घेऊन आली तर कुणी कपाला हात लावेना. ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं त्या घराच्या किल्ल्या पदराला बांधून फिरली बिचारी. तुला काय आवडतं, असं एकदा तरी कुणी विचारलं का तिला?"

मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? शशिबालांना कारल्याचं शुक्तो आवडतं. लक्ष्मीपूजेच्या भागात थोरल्या सुनेला सांगितलंय त्यांनी. त्या दिवशी मोतिया रंगाची साडी होती."

माझ्या स्मरणशक्तीपुढे सगळे गप्प झाले. शेफाली बायको असूनही मालिका नीट बघत नाही. चहाच्या फेऱ्यांत तिचं अर्धं लक्ष असतं, म्हणून असे प्रश्न पडतात.

१६ जानेवारी

मासळीबाजारात दुसरा विषय नाही. कातल्याचे तुकडे करता करता कोळी मला म्हणाला, "दादा, गेली म्हणे आपली शशिबाला?" मी होकारार्थी मान हलवली तर त्याने मोठा सुस्कारा सोडला आणि माशाचं डोकं दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकलं.

बटुकदा तिथेच पार्शे मासे निवडत होते. म्हणाले, "प्रणतोष, घाई करू नकोस. मृतदेह दाखवलेला नाही."

"नाव उलटली, बाई बुडाली, तिच्या नवऱ्याने, जगदिंद्रबाबूंनी, कपाळ बडवून घेतलं. आणखी काय दाखवायचं?"

"मालिकेत मृतदेह दिसल्याशिवाय माणूस मरत नाही. दिसल्यावरही निम्मे मरत नाहीत."

मी त्यांना समजावलं, की शीर्षकगीतात कालपासून शशिबालांचा चेहरा काढून तिथे मोहर या धाकट्या सुनेचा चेहरा टाकलाय. याहून मोठा मृत्यूचा दाखला चंदननगरची महानगरपालिकाही देत नाही, आणि मी तिथे पाणीखात्यात हेडक्लार्क होतो. बटुकदा म्हणजे उंटावरचे शहाणे. त्यांना काय सांगायचं?

१९ जानेवारी

सर्वानुमते ठरलं. शशिबाला घोषाल यांच्यासाठी शोकसभा घ्यायची. आपल्याकडे क्लबचा कॅरम फुटला तरी शोकसभा होते, मग ही तर घरची बाई. २६ तारखेला सुट्टी आहे, माणसं मोकळी असतात. मंडप आणि माइक हाबुलचा. हाबुल डेकोरेटर आहे, लग्न आणि श्राद्ध दोन्हींना त्याचा एकच पांढरा-निळा कापडी मंडप असतो, फक्त मधली फुलं बदलतात. फोटो कोणता लावायचा यावर पाऊण तास वाद झाला. टुनुबौदींना हसरा हवा होता. मी सांगितलं, की शशिबाला घरात फक्त दोनदा हसल्या, आणि त्यातलं एकदा वेडाच्या भरात. शेवटी गंभीर फोटो ठरला.

वॉर्डाचे नगरसेवक प्रमुख पाहुणे. त्यांनी मालिका बघितलेली नाही, पण शशिबालादेवींशी आपला जुना स्नेह होता असं ते बोलतील म्हणाले.

राहिलं सुरुवातीचं गाणं. गाण्याशिवाय शोकसभा म्हणजे मिठाशिवाय डाळ. टुनुबौदी एकदम म्हणाल्या, "शेफाली आहे की! लग्नाआधी रेडिओवर गायची ती."

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मीही बघितलं. खरंच, गायची. मला ते आठवायला थोडा वेळ लागला.

शेफाली हात पुसत दाराशी आली. मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "म्हणेन. पण माझी पेटी लागेल."

पेटी टीव्हीच्या खाली आहे.

२० जानेवारी

सकाळ सगळी त्या पेटीत गेली. सासऱ्यांनी लग्नात दिलेली बाजाची पेटी, सागवानी खोक्यातली. मोठा टीव्ही आला तेव्हा टेबल फार बुटकं पडत होतं, आणि ते खोकं टेबलावर ठेवून बघितलं तर उंची अशी नेमकी जमली, की जणू त्यासाठीच केलेलं. तेव्हापासून ते तिथेच आहे. वर शेफालीनेच विणलेला रुमाल असल्यामुळे आत काय आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हाबुल आणि मी टीव्ही उतरवला. शेफालीने खोकं उघडलं तेव्हा आतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं, तीन पट्ट्या दबल्या की वर येत नव्हत्या. मी म्हटलं, "झालं! भाड्याने आणू एखादी." ती बॅटरीवरच्या टोटो रिक्षात पेटी मांडीवर घेऊन एकटीच नदीकाठच्या स्ट्रँडच्या बाजूला दुरुस्तीवाल्याकडे गेली. जेवायला दीड वाजला. डाळीत मीठ नव्हतं.

टीव्ही सध्या नुसत्या टेबलावर आहे. सगळ्यांना मान खाली घालून बघावं लागतं. बटुकदांनी सगळ्यांना मानेसाठी एकाच बाटलीतल्या गोळ्या दिल्या.

२४ जानेवारी

शेफाली सकाळपासून गुणगुणते. पेपर वाचवत नाही. तिला म्हटलं, "शोकसभेचं गाणं आहे ना? मग चेहरा जरा त्याला शोभेलसा ठेव."

२६ जानेवारी

शोकसभा अपूर्व झाली. आमच्या गल्लीत एवढी गर्दी जगद्धात्री पूजेनंतर प्रथमच बघितली. रजनीगंधाचा हार मी स्वतः निवडला होता, फोटोला दोन्ही बाजूंनी सारखा यावा म्हणून तीनदा सरळ केला. उदबत्त्या चंदनाच्या. शेफालीने सुरुवातीचं गाणं म्हटलं. माइक चांगला होता, हाबुलने या वेळी शिट्टी येऊ दिली नाही. मग नगरसेवक बोलले. शशिबालादेवींनी वॉर्डातल्या गटारांसाठी केलेलं काम आपण विसरू शकत नाही, असं ते म्हणाले आणि टाळ्याही पडल्या.

मग माझं भाषण. मी शशिबालांच्या जीवनाचे चार टप्पे पाडले होते: वधू, माता, सासू आणि वेड. पहिल्या टप्प्यापासूनच बायका डोळे पुसत होत्या. खरं सांगायचं तर मी उठलो तेव्हाच पुष्कळांचे डोळे ओले होते, पण भाषणाच्या अपेक्षेनेही असं होतं.

बटुकदा शेवटच्या रांगेत मंकी कॅप घालून बसले होते. एक मिनिटाच्या स्तब्धतेत त्यांना खोकला आला. मुद्दाम.

शेवटी संदेश मिठाई आणि शिंगाड्याची पाकिटं वाटली. (शिंगाडा म्हणजे आपला सामोसा, फुलकोबीचा. हे मी माझ्याच वहीत का लिहितोय कोण जाणे. भाषणाची सवय सुटत नाही.) बायका शेफालीभोवती घोळका करून उभ्या होत्या. बराच वेळ तिचे हात हातात घेऊन बोलत होत्या. अध्यक्षाच्या पत्नीचं सांत्वन करतात, तशी पद्धत आहे.

२७ जानेवारी

सांत्वन नव्हतं. गल्लीतल्या पाच-सहा मुलींच्या आया शेफालीच्या मागे लागल्या आहेत, आमच्या पोरींना गाणं शिकवा म्हणून. ती सकाळी चहा देताना म्हणाली.

"शिकव की. मी कुठे नको म्हणतो?"

"शाळा, मग शिकवण्या. मुलींना संध्याकाळी सातशिवाय वेळ नाही. सात ते आठ, अहो. ही बैठकीची खोली हवी."

मी कप खाली ठेवला. "सातला? सातला काय असतं ते तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. रोज नऊ कप असतात."

"मग दुपारी दोनला घे."

"दोनला मुली शाळेत असतात."

"तर मग स्वयंपाकघरात बसा. तिथे आवाज छान घुमतो." हे मी मनापासून सुचवलं होतं. "एक तास," ती म्हणाली. "आठवड्यातून निदान तीन दिवस. तुम्ही सगळे बटुकदांकडे बसा त्या दिवशी."

बटुकदांकडे! त्यांचा टीव्ही आगपेटीएवढा. शिवाय तिथे बसलो तर अध्यक्ष कोण? मी शांतपणे समजावलं, की मालिका आता नाजूक वळणावर आहे, शशिबालांच्या किल्ल्या मोहर हडपणार की मधली सून कुंद वाचवणार याचा निकाल लागायचाय, तेव्हा दुर्गापूजेपर्यंत तरी खोलीचा विषय काढू नये. आणि शोकसभा झाली आहे, तेव्हा पेटी पुन्हा टीव्हीखाली ठेवावी. सगळ्यांच्या माना दुखताहेत.

ती म्हणाली, "सरस्वतीपूजेपर्यंत बाहेर राहू दे. देवीपुढे ठेवते एकदा."

मी लगेच हो म्हटलं. मी काही हुकूमशहा नाही.

३० जानेवारी

आठवड्याचे टीआरपीचे आकडे आले. 'घोषालबाडी' पहिल्यावरून तिसऱ्यावर. शशिबालांना मारणं वाहिनीच्या अंगाशी आलं. अड्ड्यावर दोन तास चर्चा. टुनुबौदी मध्येच उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि शेफालीबरोबर काहीतरी बोलत बसल्या. चर्चेचं गांभीर्य सगळ्यांना पेलत नाही.

३ फेब्रुवारी, सरस्वतीपूजा

आजचा दिवस वहीत लिहावासाही वाटत नाही.

सकाळी बैठकीच्या खोलीतच देवीला फुलांची अंजली वाहून झाली. रिवाजाप्रमाणे पुस्तकं, दौत, लेखणी देवीच्या पायाशी ठेवली. शेफालीने दुरुस्त केलेली पेटी ठेवली, तिला झेंडूची माळ घातली. मुली पिवळ्या साड्या नेसून आल्या होत्या. इतक्यात बटुकदा पुढे झाले आणि टीव्हीचा रिमोट उचलून त्यांनी देवीच्या उजव्या पायाशी ठेवला. "आजच्या काळात विद्या इथूनच येते," म्हणाले. सगळे हसले. मला वाटतं मीही हसलो.

एकदा देवीपुढे ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विसर्जनापर्यंत उचलायची नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी सातला आलं. आमच्या टीव्हीची बटणं दोन वर्षांपूर्वीच गेली आहेत. रिमोटशिवाय तो म्हणजे भिंतीवरचा काळा फळा.

नऊ माणसं टीव्हीपुढे बसलेली आणि रिमोट हाताच्या अंतरावर, खिचडीच्या नैवेद्याशेजारी. मी हात पुढे केला तर टुनुबौदी ओरडल्या, "खबरदार! घरात लेकरंबाळं आहेत, त्यांची परीक्षा आहे." मी भटजींना फोन लावला. ते म्हणाले, "उचला, पण मग जन्मभर काही आठवणार नाही." माझी सगळी मिळकत म्हणजे माझी स्मरणशक्ती. मी हात मागे घेतला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "शेफालीदी, तोवर एखादं गाणं होऊ दे." पेटीही देवीपुढेच होती, तिलाही हात लावता येत नव्हता. पण शेफाली तशीच सतरंजीवर बसली, पेटीशिवाय.

मी मात्र चपला घातल्या. हाबुलच्या गोदामात छोटा टीव्ही आहे. खुर्च्यांच्या थप्पीवर चढून मी भाग बघितला, आणि बघितला म्हणून बरं झालं, कारण शेवटच्या मिनिटाला नवद्वीपच्या एका आश्रमाचं अंगण दिसलं, पोरं टाळ वाजवत होती, मधोमध पाठमोरी एक बाई बसली होती, आणि ती वळली.

शशिबाला!

मी धावत घरी आलो. धापा टाकत दारात उभा राहिलो आणि ओरडलो, "जिवंत आहे! शशिबाला जिवंत आहे!"

कुणी वळून बघितलं नाही. टुनुबौदींनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प बसवलं. बटुकदांनी, बटुकदांनीसुद्धा, ओठावर बोट ठेवलं. शेफाली डोळे मिटून गात होती. ती थांबली नाही.

माझ्याच घरात, माझ्याच अड्ड्यावर. एवढी मोठी बातमी घेऊन मी चपला घालून दारात उभा राहिलो.

४ फेब्रुवारी

आज मात्र सगळे बोलले. माझ्यावर. जिवंत बाईची शोकसभा घेतल्याबद्दल बटुकदांनी मला "यमराज" ही पदवी दिली. मासळीबाजारात कोळ्याने विचारलं, "दादा, बारावंपण उरकलं होतं का?" नगरसेवकांचा निरोप आला, की आपण त्या सभेला आलोच नव्हतो असं धरावं. फोटोची चौकट परत घ्यायला हाबुल तयार नाही. ती सध्या आमच्या पलंगाखाली आहे, हारासकट. पेटी मात्र विसर्जनानंतर ठरल्याप्रमाणे पुन्हा टीव्हीखाली गेली.

शेफाली एवढंच म्हणाली, "जिवंतपणी माणसाला हार मिळाला. वाईट काय झालं त्यात?"

९ फेब्रुवारी

आता खरा प्रश्न. शशिबालांची स्मृती शाबूत आहे! कोळ्यांनी वाचवलं, दुसऱ्याच दिवशी शुद्धीवर आल्या, घरचा पत्ता पाठ होता. तरी घरी कळवलं नाही. नवद्वीपला राहून पोरांना कीर्तन शिकवतात. का?

आज याच मुद्द्यावर अड्डा घेतला. (उपस्थिती सहा.) मी म्हणालो, हे पात्राशी सुसंगत नाही. तीन मुलगे, तिमजली घर, दोन दारांचा फ्रीज, सगळ्या किल्ल्या हिच्या पदराला. नवरा व्यसनी नाही, आवाज चढवून बोलत नाही. अशी बाई घर का सोडेल? मोहरने काही चेटूक केलं असावं, किंवा आश्रमात खजिना असावा. लेखकाला बायकांचं मन कळत नाही, हेच खरं.

बटुकदा म्हणाले, खजिना. बराच वेळ खजिन्यावर चर्चा झाली.

शेफाली कप गोळा करत होती. मला म्हणाली, "मी पेटी टुनुदीच्या खालच्या खोलीत नेते आहे. ती खोली रिकामीच आहे. उद्यापासून सात वाजता मुली तिथे येतील."

मी विचारलं, "मग टीव्ही कशावर ठेवायचा?"

ती कप घेऊन आत गेली. मुद्द्याचं उत्तर दिलंच नाही.

१० फेब्रुवारी

पेटी गेली. हाबुल एका बाजूने आणि शेफाली दुसऱ्या बाजूने धरून नेली. मी दार उघडून धरलं होतं. टेबलावर तिच्या आकाराचा एक चौकोन राहिलाय, तेवढाच भाग नव्यासारखा चकचकीत आहे.

१३ फेब्रुवारी

शेफाली थर्मासमध्ये चहा भरून ठेवते आणि पावणेसातला जाते. टीव्हीखाली आता जुनी पंचांगं रचली आहेत. ती एका बाजूला कलतात, त्यामुळे सगळे घोषाल घसरताना दिसतात. टुनुबौदी येत नाहीत, गाणं त्यांच्याच घरात चाललेलं असतं म्हणून. त्यांच्यामागून बाकीच्या बायका गेल्या. पुरुषांत तिघे उरलो.

१७ फेब्रुवारी

बटुकदाही गेले. काल म्हणाले, "कानाला जरा सूर लागला की दम्याला बरं वाटतं." यांना दमा कधी झाला? आज बघतो तर टुनुबौदींच्या दाराशी वेताच्या मोढ्यावर बसून डोळे मिटून मान डोलवताहेत. ज्या माणसाशी गेली सहा वर्षं रोज भांडलो, तो असा फितूर व्हावा! हाबुलला म्हटलं, तू तरी थांब. म्हणाला, "दादा, लग्नसराई आहे."

थर्मासमधला चहा एकट्याला फार होतो. आज साखर आणखी हवी होती, ती कुठल्या डब्यात असते ते सापडलं नाही. सात डबे उघडले, आठव्यात कलौंजी निघाली.

खिडकीतून पेटी ऐकू येते. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.

२० फेब्रुवारी

आजचा भाग. जगदिंद्रबाबू नवद्वीपला पोचले. आश्रमाच्या अंगणात शशिबाला बसल्या होत्या, पांढरी साडी, पदराला किल्ल्या नाहीत. ते म्हणाले, "घरी चल. सगळं तुझ्याचसाठी थांबलंय." हे ऐकून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि शशिबाला म्हणाल्या, "येते. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्या लग्नानंतर, बौभाताच्या जेवणाच्या दिवशी, सगळ्या घोषालांसमोर, मी कोणतं गाणं म्हटलं होतं?"

जगदिंद्रबाबूंचा चेहरा पाच वेळा जवळून दाखवला. विजा कडाडल्या. माणूस नुसता बघत राहिला आणि भाग संपला.

मी ओरडलोच, "अरे गाढवा!" इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि एवढं ठाऊक नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला ठाऊक आहे! पहिल्याच महिन्यात जुन्या आठवणींत दाखवलंय, होडीवाल्याचं गाणं, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, समोर बसलेली आत्याबाई जांभई देते. सगळं डोळ्यापुढे उभं राहिलं. पण सांगू कुणाला? खोलीत आठ रिकाम्या खुर्च्या.

मी तसाच समोर गेलो. टुनुबौदींच्या खोलीत मुली ओळीने बसलेल्या, बायका भिंतीला टेकून, बटुकदा मोढ्यावर. या वेळी मी दारात उभा राहून गाणं संपायची वाट बघितली. मग सगळं सांगितलं. नवद्वीप, किल्ल्या, प्रश्न, जगदिंद्रचा मख्ख चेहरा. मी म्हणालो, "काय माणूस आहे! मला विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बटुकदांनी मंकी कॅप कानावर ओढली.

शेफालीने भाता बंद केला नव्हता. एक बोट पट्टीवर तसंच होतं, सूर चालू होता. तिने अगदी साधेपणाने विचारलं, चहात साखर किती घालू असं विचारावं तसं.

"आणि शोकसभेत मी कोणतं म्हटलं होतं?"

मी तोंड उघडलं.

एक छोटी मुलगी खुदकन हसली, तिच्या आईने तिला चापटी मारली. मला आठवत होतं, की हार डावीकडे दोन बोटं जास्त लोंबत होता. नगरसेवकांचं घड्याळ आठवत होतं. उदबत्तीची राख कुठे पडली तेही आठवत होतं.

"चला मुलींनो, पुन्हा पहिल्यापासून," शेफाली म्हणाली.

घरी आलो आणि ही वही काढली. कधी काय झालं ते मी लिहून ठेवतोच. २६ जानेवारीचं पान उघडलं. 'शेफालीने सुरुवातीचं गाणं म्हटलं. माइक चांगला होता.' पुढे दोन परिच्छेद नगरसेवक आणि मी. ३ फेब्रुवारीचं पान उघडलं. त्यात मी हाबुलच्या गोदामात खुर्च्यांवर चढलेला आहे, आणि मग चपला घालून दारात उभा आहे. ती काय गात होती ते नाही. मागची पानंही चाळली. शशिबालांच्या साड्यांचे रंग आहेत, मोहरची कारस्थानं आहेत. शेफाली आहे, पण दर वेळी तिच्या हातात कप आहेत.

मला लाज वाटली. पुन्हा पानं चाळून शोधावं लागू नये म्हणून हे स्पष्टच लिहून ठेवतो.

२१ फेब्रुवारी

पावणेसातला तिने थर्मास भरला. मी म्हटलं, "नको, आज घरी कुणी नाही." तिने माझ्याकडे बघितलं आणि थर्मास पिशवीत घालून घेऊन गेली.

सातला मी समोर गेलो. बटुकदांनी मोढा थोडा सरकवला. मी दाराशी खाली बसलो, चपला बाहेर काढून. माझ्या खिडकीतला काळा टीव्ही तिथून दिसतो, पंचांगांवर कललेला. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मुली दोन ठिकाणी घसरल्या, शेफालीने दोन्ही वेळा ती ओळ एकटीने म्हणून दाखवली. शोकसभेतलं ते हेच का, हे विचारायचं धाडस झालं नाही. पण शब्द पाठ केले. घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होतो.

मुली गेल्यावर ती पेटीवर रुमाल घालत होती. तोच, टीव्हीखालचा. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग? आज घोषालबाडीत काय झालं? सांगितलं का त्याने?"

मी म्हणालो, "माहीत नाही."